दोन खुर्च्या, एक शिक्का

मी इंजिनिअर आहे, पण कांद्याचा. आमच्या मीत घम्र शहरात शेतकी कॉलेजातून बाहेर पडणाऱ्यालाही ‘बशमोहंदिस’ म्हणतात, म्हणजे इंजिनिअरसाहेब. पूल बांधणारा बशमोहंदिस, वीज खेळवणारा बशमोहंदिस, आणि कांद्याच्या मुळाला कीड का लागते हे सांगणारा मीही बशमोहंदिस. हा घोळ कुणी घालून ठेवला ते सरकारला ठाऊक, निस्तरतो मात्र मी. इमारतीत कुणाचा पंखा गुरगुरला, कुणाचं धुलाई यंत्र चालू लागलं (म्हणजे खोलीभर चालत सुटलं), की जिन्यातून हाक येते, “बशमोहंदिस!” मी जातो. झाकण उघडतो, गंभीर चेहऱ्याने आत बघतो आणि म्हणतो, “याचा कंडेन्सर गेलाय.” कंडेन्सर कुठे असतो हे मला माहीत नाही. पण इतक्या वर्षांत ‘दाखवा बरं’ असं कुणी म्हटलेलं नाही.

अशा घरात एक खरी बशमोहंदिस होऊ घातली होती. माझी मुलगी रुदैना बांधकामाच्या शाखेला शेवटच्या वर्षाला होती. तिचा प्रकल्प म्हणजे कालव्यावरचा एक पादचारी पूल. पूल कागदावरचाच, पण पडता कामा नये अशी परीक्षकांची अट असते. तो पडेल की राहील हे कंप्युटर सांगतो. तो पुलाचे बारीक बारीक तुकडे कल्पून प्रत्येकावर किती भार येतो त्याचा हिशेब मांडत बसतो, आणि या हिशेबाला दिवस-रात्र लागते. गुरुवारी सकाळी तिला मन्सूराला कॉलेजात परीक्षकांपुढे उभं राहायचं होतं, आणि ऐन आदल्या रविवारी तिच्या सरांनी फर्मावलं की वाऱ्याचा जोर कमी धरलाय, सगळा हिशेब पुन्हा करा. आकडे तयार नसले तर परीक्षक ‘पुढच्या वेळी या’ म्हणतात, आणि ही पुढची वेळ पुढच्या वर्षी येते.

तिने सोमवारी सकाळी हिशेब सुरू केला. स्वतः पुलाची प्रतिकृती करायला मन्सूराला मावशीकडे निघाली. जाताना मला कंप्युटरसमोर उभं केलं.

“बाबा, कशालाही हात लावू नका.”

“कशाला लावू?”

“वीज जाऊन आली तर आधी हे बटण, मग हे. जिथे थांबलंय तिथून पुढे चालू होतं. एवढंच करायचं.”

“मला काय लहान मूल समजतेस?”

“लहान मुलाला मी हे सांगितलंच नसतं, बाबा.” असं म्हणून तिने बॅग उचलली. सफिनाज, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून जरा जास्तच मोठ्याने हसली.

उन्हाळ्यात आमच्याकडची वीज रोज थोडी विश्रांती घेते. तशी ती दुपारी गेली आणि चहाच्या वेळेला परत आली. मी सांगितल्याप्रमाणे पहिलं बटण दाबलं. दुसरं दाबणार, तेवढ्यात दारातून दोघे जण आत आले. एक वरच्या मजल्यावरचे हाज, म्हणजे हाजी, मुतवल्ली. त्यांचा ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा कारखाना आहे आणि त्यामुळे ते जगातल्या कुठल्याही विषयावर ठोकून बोलतात. दुसरा वजदी, ज्याच्याकडून आम्ही हा कंप्युटर घेतला तो. बंद पडलेल्या एका गेम-कॅफेतून त्याने तो उचलला होता.

“मुलीचं काम कसं चाललंय?” हाजनी विचारलं.

“चहाचा एक ग्लास संपेपर्यंत एक टक्का पुढे जातं,” मी म्हणालो.

“फार सावकाश,” हाज म्हणाले. त्यांच्या मताने सगळंच फार सावकाश असतं.

वजदीने पडद्यावर नजर टाकली. “बशमोहंदिस, याच्या पोटात चार कामकरी आहेत. पण एकेक कामकरी एकाच वेळी दोन कामं अंगावर घेऊ शकतो, अशी सोय असते. सिम्युल्टेनियस मल्टिथ्रेडिंग म्हणतात तिला. चालू केली की चाराचे आठ दिसायला लागतात. त्या कॅफेवाल्याने बंद करून ठेवलीय.”

“का म्हणे?”

“आळस, दुसरं काय?” वजदी म्हणाला.

आता इथे मला माझ्या खुर्चीबद्दल सांगावंच लागेल. मी सरकारी कृषी संस्थेत आहे. आमच्या ऑफिसात गरुडाचा शिक्का एकच. तो उमटला की कागद सरकारी, नाहीतर शेंगदाणे बांधायला मोकळा. तो शिक्का मारायचा अधिकार दोघांना, मला आणि माझा सहकारी उस्ताज (म्हणजे सर) फिक्रीला, आणि आम्हा दोघांत टेबलही एकच. पूर्वी तर खुर्चीसुद्धा एकच होती. फिक्री एक कागद हातात घ्यायचा, त्याची फाइल शोधायला मागच्या कपाटात डोकं घालायचा, आणि तोवर शिक्का टेबलावर आणि मी दारात, दोघेही रिकामे. मी वरच्या कार्यालयाचे उंबरठे झिजवून दुसरी खुर्ची मिळवली. मग तो कपाटात असला की मी शिक्के मारायचो, मी कपाटात असलो की तो. शिक्का तोच, टेबल तेच, पण दिवसाकाठी जास्त माणसं हसतमुखाने घरी जाऊ लागली. माझ्या नोकरीतलं हे एकमेव मोठं कार्य, आणि त्याचं कौतुक कुणीही केलेलं नाही.

तेव्हा वजदी ‘चाराचे आठ’ म्हणाला आणि मला माझी खुर्ची दिसली. एका कामकऱ्याच्या टेबलाला दुसरी खुर्ची लावायची, एवढाच तर प्रश्न! ही कल्पना या यंत्राच्या आधी मला सुचलेली होती. कंप्युटर बंद करून पुन्हा चालू करताना कुठली कळ दाबायची ते वजदीने दाखवलं, निळ्या पडद्यावर ‘बंद’चं ‘चालू’ झालं, आणि मग मी रुदैनाने सांगितलेलं दुसरं बटण दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात कामकऱ्यांचे चौकोन असतात. चाराचे आठ झाले होते आणि आठही काठोकाठ भरलेले.

“माशाल्लाह!” हाज म्हणाले.

“मुलीने एकच गोष्ट सांगितली होती,” सफिनाज म्हणाली. मोठी कामं करणाऱ्यांना घरच्यांचा पाठिंबा नसतोच.

मी चहाचा ग्लास घेऊन बसलो. ग्लास संपला, आकडा तोच. दुसरा संपला, तरी तोच. तिसऱ्या ग्लासाला आकडा एकदाचा हलला. मात्र आठही चौकोन भरलेले होते. मला आमच्या वरच्या कार्यालयाची आठवण झाली, पण तो विचार मी मनातून काढून टाकला. त्यात कंप्युटरचा पंखा किंचाळायला लागला आणि त्याच्या अंगाला हात लावला तर भाजत होतं.

एव्हाना बातमी जिन्याने फिरली होती. आमच्या इमारतीत सल्ला मागावा लागत नाही. हाज म्हणाले, याला ताप आलाय, थंडावा द्या. आणि आपल्या कारखान्यातली परात आणून तीत बर्फ भरून कंप्युटरखाली ठेवली. बर्फ वितळला, पाणी गालिच्यात गेलं, गालिचा सफिनाजच्या माहेरचा होता. मग हाजच्या बेगम खाली आल्या. त्यांचं निदान असं की आठ चौकोन कुणीतरी बघितले आणि दृष्ट लागली. त्यांनी कंप्युटरच्या कपाळावर निळा मणी चिकटवला आणि ऊद पेटवून चारही बाजूंनी धुपाटणं फिरवलं. पंख्याने तो सगळा धूर आत ओढून घेतला आणि खोकणाऱ्या म्हाताऱ्यासारखा आवाज काढू लागला. शेवटी मी स्वतःच्या डोक्याने एक उपाय केला. कंप्युटर उचलून स्वयंपाकघरात नेला आणि फ्रिजचं दार उघडून त्याच्यासमोर ठेवला. वर टेबलफॅन लावला. फ्रिज, फॅन आणि कंप्युटर यांनी मिळून थोडा वेळ दम धरला, आणि मग फट्‌ असा आवाज होऊन अख्ख्या जिन्याची वीज गेली.

फ्यूज बदलेपर्यंत अंधारून आलं. मुलूखियाच्या पालेभाजीचं पातेलं आंबलं. कंप्युटर जागेवर नेऊन मी पुन्हा पहिलं बटण दाबलं, मग दुसरं. रात्री जेवताना रुदैनाचा फोन आला.

“कसं चाललंय, बाबा?”

“चाललंय.”

“पुढे जातंय ना?”

“जातंय तर!” मी म्हणालो. मागे तर जात नव्हतं.

फोन ठेवल्यावर सफिनाजने नुसतं माझं ताट उचललं. ती बोलते तेव्हा मी निर्धास्त असतो. मी कागदावर हिशेब करून बघितला. या चालीने काम शुक्रवारच्या नमाजापर्यंत संपलं असतं, आणि परीक्षा गुरुवारी. मला पहिल्यांदा खरोखरची भीती वाटली. पोरीने पाच वर्षं घासून काढली होती आणि मी एका दुपारीत त्यावर परातभर बर्फ ओतला होता.

तुम्ही म्हणाल, मग बंद का नाही केलंस? सांगतो. ‘आठाचे चार करून काम जास्त लवकर होईल’ हे कुठल्या शहाण्या माणसाला सुचेल? आठ असताना रखडतंय म्हणजे चार असते तर आणखी रखडलं असतं, असंच मी धरून चाललो होतो. उलट मी वजदीला फोन करून विचारलं, सोळा करता येतील का? तो म्हणाला, नाही येणार. हे त्याने माझ्यावर केलेले मोठे उपकार.

मंगळवारी खतवाटप होतं. खतवाटपाच्या दिवशी रजा मागणारा माणूस आमच्या खात्यात अजून जन्मलेला नाही. पहाटेपासून गावोगावचे शेतकरी ट्रॉल्या घेऊन दारात उभे असतात. प्रत्येकाच्या हातात जमिनीचं कार्ड, आणि फाइली आम्ही आदल्याच दिवशी कपाटातून काढून टेबलावर रचून ठेवलेल्या. बस, शिक्का मारायचा आणि युरिया द्यायचा.

मी माझ्या खुर्चीवर बसलो, फिक्री त्याच्या. मी शिक्क्याला हात घातला, त्यानेही घातला.

“माझी फाइल उघडलीय,” तो म्हणाला.

“माझी कधीची उघडलीय!”

“मी तुझ्याआधी नोकरीला लागलोय.”

“पण खुर्ची मी आणली!”

मी एक शिक्का मारायचो, तो हातातून हिसकावायचा, मग मी त्याच्याकडून. टेबल एवढंसं, त्यावर दोघांच्या फाइली. त्याने आपल्या पसरल्या की माझ्या खाली पडायच्या, मी वाकून गोळा केल्या की त्याच्या पडायच्या. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, “साहेब, सावकाश भांडा. तुमचं उरकेपर्यंत माझा मका खताशिवायच कणसाला येईल.” रांग हसली. तेवढ्यात आमच्या वरिष्ठ, मॅडम इनशिराह, आपल्या केबिनमधून बाहेर आल्या.

“एक जण उठा.”

“कोण?” आम्ही दोघांनी विचारलं.

“शिक्का ज्याच्या हातात नाही तो!”

त्या क्षणी शिक्का माझ्या हातात होता. फिक्री उठला, मान वर करून खिडकीपाशी गेला आणि चहाचा ग्लास घेऊन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मी एकटा शिक्के मारू लागलो. टेबल मोकळं, शिक्का हातातच. फाइल, शिक्का, पुढे. फाइल, शिक्का, पुढे. रांग अशी सरकू लागली की मागच्यांना पळत पुढे यावं लागलं. तो म्हातारा म्हणाला, “हे मघाशीच का नाही केलंत?”

माझा हात वरच्या वर थांबला. खरंच, का नाही केलं? रोजच्या दिवशी दुसरी खुर्ची चालते, कारण आमच्यातला एक जण कायम कपाटात असतो. आज कुणीच कपाटाकडे जात नव्हतं. सगळं टेबलावर तयार, मग दोघांना एकाच वेळी तोच शिक्का हवा. आणि माझ्या पोरीचा हिशेब म्हणजे अष्टौप्रहर खतवाटप! तिथे तर कपाटाची वाटच बघायची नसते, नुसते शिक्क्यामागून शिक्के. चार शिक्क्यांवर मी आठ कारकून बसवले होते, आणि ते कालपासून एकमेकांच्या फाइली जमिनीवर पाडत होते.

“रुदैना!” मी ओरडलो आणि उठून धावत सुटलो. समोर आलेल्या टुकटुकमध्ये उडी मारली. माझ्या मागे कुणीतरी ओरडत होतं, पण काय ते ऐकायला मला वेळ नव्हता.

घरी येऊन मी कंप्युटर बंद केला, पुन्हा चालू केला आणि वजदीने दाखवलेली कळ दाबली. निळा पडदा आला. ‘चालू’चं ‘बंद’ केलं. आठ चौकोनांचे चार झाले. रुदैनाचं बटण दाबलं आणि सफिनाजला म्हणालो, “एक ग्लास चहा दे.”

“ही काय चहाची वेळ?”

“मोजायला हवाय.”

तिने दिला. मी प्यायलो नाही, ती प्यायली. तिचा ग्लास संपायच्या आत आकडा हलला. पंख्याची किंकाळीही उतरली होती. मी तिथेच जमिनीवर, ओल्या गालिच्यावर बसलो. मला रडू येत होतं हे सांगायला हरकत नाही, घरात तेव्हा बायकोखेरीज कुणी नव्हतं.

पण लगेच घर भरलं. जिन्यात पावलांचा गदारोळ ऐकू आला. मी दार उघडलं तर पुढे फिक्री, आणि त्याच्या मागे रांग. अख्खी रांग! शेतकरी आपापल्या ट्रॉल्यांत बसून टुकटुकच्या मागे आले होते, आणि जिन्यातही नंबर न सोडता उभे होते. वरून हाज मुतवल्ली उतरत होते. इतके पुरुष जिन्यात बघून त्यांनी मला मिठी मारली आणि डोळे पुसत म्हणाले, “राहणारा एक अल्लाहच. कोण गेलं?”

“शिक्का गेला!” फिक्री म्हणाला आणि माझ्याकडे वळला. “नशअत, शिक्का कुठंय?”

गरुडाचा शिक्का ऑफिसबाहेर नेणं म्हणजे गुन्हा. माणसं याहून कमी गोष्टींसाठी आत गेलीत. मी छातीशी हात नेला. शिक्का माझ्या सदऱ्याच्या खिशात होता, आणि तिथेच पांढऱ्या कापडावर निळा गरुड पंख पसरून उमटला होता.

सफिनाजने तो बघितला. “चला,” ती म्हणाली, “इतक्या वर्षांनी शिक्का बसून खरा ठरलास.”

फिक्रीने शिक्का काढून घेतला, रुमालात गुंडाळला आणि मग त्याचं लक्ष पडद्याकडे गेलं. “हे काय चाललंय?”

मी त्याला सगळं सांगितलं. खुर्ची, कपाट, आठ कारकून. जिन्यातली रांगही दारातून डोकावून ऐकत होती. फिक्रीने पडद्यावरचे चार चौकोन बोटाने मोजले.

“म्हणजे मी उठलो म्हणून मुलीचा पूल उभा राहणार?”

“हो.”

त्याने कॉलर नीट केली. “हे मॅडमना असंच सांग. शब्द बदलू नकोस.”

हिशेब बुधवारी संध्याकाळी, रुदैना दारात चपला काढत असताना संपला. तिने आकडे बघितले, गालिचा बघितला, कंप्युटरच्या कपाळावरचा निळा मणी बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं. मी सगळं कबूल केलं. ती रागावली नाही, नुसती खाली बसली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही ते पुन्हा बंद कसं काय केलंत? लोक चालू करतात आणि तसंच सोडतात.” हे कौतुक होतं की काय, ते मी अजून ठरवलेलं नाही.

गुरुवारी परीक्षकांनी तिला वारा विचारला, भार विचारला, आणि शेवटी एकाने विचारलं की यंत्र एकाच वेळी आठ धागे, म्हणजे आठ कामं, चालवू शकत असताना चारच का वापरले. रुदैनाने त्यांना दोन खुर्च्या आणि एक शिक्का समजावून सांगितला. ते परीक्षक सरकारी नोकरीतलेच, एका खोलीत तिघे बसणारे. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि इतरांना म्हणाले, “आता मला काही विचारायचं नाही.” पूल उत्तम श्रेणीत उभा राहिला. मी मागच्या बाकावर बसलो होतो आणि रुमालाची घडी पुन्हा पुन्हा उलगडत होतो.

माझी चौकशी झाली. मॅडम इनशिराहनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मला ताकीद दिली आणि निकाल दिला की खतवाटपाच्या दिवशी टेबलापाशी एकच खुर्ची राहील. इतर दिवशी दोन. माझ्या नोकरीतलं दुसरं मोठं कार्य ते हे, आणि ते मॅडमच्या नावावर जमा झालं. घरातही मी कंप्युटरची ती सोय पुन्हा चालू केलीय. आता कंप्युटरवर सफिनाजची मालिका, माझे कांद्याचे तक्ते आणि हाजचे नातू सगळेच एकदम नाचत असतात, आणि तिथे कुणी ना कुणी कायम कपाटात असतो. तिथे आठच बरे.

परवा दुपारी इमारतीचा पाण्याचा पंप बंद पडला. जिन्यातून हाक आली, “बशमोहंदिस!” मी सवयीने पेचकस घेऊन दाराशी गेलो. हाज मुतवल्ली खाली उभे होते.

“तू बस रे, नशअत,” ते म्हणाले. “बशमोहंदिसना पाठव.”

रुदैनाने माझ्या हातातला पेचकस घेतला आणि खाली गेली. मी कठड्यावरून वाकून ऐकत राहिलो. झाकण उघडल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज आला, अगदी माझ्यासारखा गंभीर.

“याचा कंडेन्सर गेलाय.”

“कुठे असतो तो, बेटा?” हाजनी विचारलं. मला इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

तिने दाखवला. मीही दोन पायऱ्या खाली उतरून बघितला. पांढरी डबी, तिला दोन वायरी. मी तो पहिल्यांदाच बघत होतो.